साहेबांचा मुक्काम उंबरटाकळी

उंबरटाकळीचे ग्रामसेवक योगीराज साहेब गावातच राहतात हे गावात सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्यांना राहताना कुणी पाहिलेलं नव्हतं.

सरकारचा नियम असा, की ग्रामसेवकानं नेमणुकीच्या गावी, म्हणजे मुख्यालयी, बिऱ्हाड करायचं. केलं की त्याचा घरभाडे भत्ता सुरू. आणि त्यानं खरंच बिऱ्हाड केलंय हे ग्रामसभेनं ठराव करून कळवायचं. उंबरटाकळीची ग्रामसभा या बाबतीत अगदी तत्पर. दरवर्षी सरपंच गोविंदराव ठराव मांडायचे, त्यांचा चुलतभाऊ अनुमोदन द्यायचा, आणि उरलेली चार माणसं भज्यांकडे बघत हात वर करायची. ठरावाप्रमाणे साहेब बायनाबाईच्या ओसरीलगतच्या खोलीत सहकुटुंब राहत होते. प्रत्यक्षात त्या खोलीत बायनाबाईच्या शेळ्या राहत होत्या, शिवाय कडबा आणि पेरणीची एक मोडकी तिफण. साहेब राहत होते परभणीला, नळाला पाणी आणि गच्चीला झोपाळा असलेल्या घरात. मंगळवारी आणि शुक्रवारी पांढऱ्या गाडीतून यायचे, सह्या-शिक्के उरकायचे, चहा घ्यायचे आणि ऊन कलायच्या आत परत.

तसा माणूस वाईट नव्हता. दाखल्यासाठी कुणाला नडला नाही, म्हाताऱ्या माणसाला उभं ठेवलं नाही, बोलणं गोड. मागच्या पावसाळ्यात बायनाबाईचा नवरा किशनराव छातीत कळ येऊन गेला, तेव्हा मृत्यूचा दाखला योगीराजनं स्वतः तयार करून तिच्या हातात नेऊन दिला होता. एक खेप घालू दिली नाही. बायनाबाईनं त्याला तोंडभर आशीर्वाद दिला होता, आणि परत जाताना गाडीत त्याला आपण फार भले आहोत असं वाटलं होतं.

एवढ्या भल्या माणसावर संकट आलं ते अर्पिता मॅडमच्या रूपानं. मॅडम तालुक्याला नव्या गटविकास अधिकारी म्हणून आल्या होत्या. वयानं लहान, आवाज त्याहून लहान. आधीचे साहेब ठराव बघायचे. या बाई ठराव बघतच नव्हत्या. त्या सरळ म्हणायच्या, “चला, तुमच्या घरी चहा घेऊ.” शेजारच्या गावात त्यांनी असाच चहा मागितला, तर त्या ग्रामसेवकाच्या घरात काडेपेटी निघाली नाही. दुसऱ्याच दिवशी तो निलंबित झाला, आणि आता सासुरवाडीच्या दुकानात साखर तोलत बसतो असं लोक सांगत होते.

मंगळवारी सकाळी योगीराज दात घासत असताना कार्यालयातल्या एका मित्राचा फोन आला. मॅडम आज दुपारी उंबरटाकळीला. त्यानं ब्रश तोंडात तसाच ठेवून बायकोला हाक मारली.

“भक्ती, साडी बदल. आपण गावी राहतो.”

भक्तीच्या शिकवणीला मुलं येऊन बसली होती. तिनं शांतपणे विचारलं, “कधीपासून?”

“सात वर्षं झाली.”

“मग मी माहेरी गेलेय म्हणून सांगा,” ती म्हणाली आणि मुलांना अपूर्णांक शिकवायला निघून गेली.

उंबरटाकळीच्या अलीकडच्या ताडकळसपर्यंत गाडी त्यानं कशी चालवली ते त्याचं त्यालाच ठाऊक. वाटेत त्यानं घराचे हप्ते आठवले, पोरांच्या शाळा आठवल्या, आणि साखर तोलणारा तो ग्रामसेवक तर डोळ्यांसमोरून हलेचना. नोकरी गेली तर आपल्याला दुसरं काहीच येत नाही, हे त्याला त्या रस्त्यावर पहिल्यांदा लख्ख कळलं. उंबरटाकळीत शिरला तेव्हा त्याचा चेहरा पाहून पारावर बसलेले गोविंदराव उठून उभे राहिले.

“फिकर करू नका साहेब,” सगळं ऐकून ते म्हणाले. त्यांचाही चेहरा जरा उतरला होता, कारण ठरावावर सही त्यांची होती. “घर म्हंजे काय असतंय? भांडी, बाज आन् देव. आत्ता मांडून देतो. लिंब्या, आवाज दे गावात.”

लिंबाजी हा ग्रामपंचायतीचा शिपाई. पाणी सोडणं आणि दवंडी ही त्याची कामं, आणि दवंडी मोबाइलच्या काळात बंद पडल्यामुळे तो कित्येक दिवस उदास होता. तो गल्लीगल्लीतून ओरडत सुटला की साहेबाचं घर मांडायचंय, ज्याच्याकडं जे असंल ते घेऊन चला. आणि गाव असं काही उठलं, की लग्नाला उठणार नाही.

शेळ्या बाहेर निघाल्या. कडबा निघाला. तिफण निघायला तयार नव्हती, तिच्यावर चादर टाकून तिचं टेबल करण्यात आलं. बायांनी शेणानं जमीन सारवली आणि ती वाळावी म्हणून चौघीजणी चार कोपऱ्यांतून पदरानं वारा घालत बसल्या. मग सामान यायला लागलं. सविता ही समोरच्या घरातली सून, तिनं स्वतःची शेगडी सिलिंडरसकट डोक्यावरून आणली आणि घरात आज स्वयंपाक नाही म्हणून जाहीर करून टाकलं. कुणी बाज आणली, कुणी दुसरी बाज आणली. तिसरी आली तेव्हा ती उभी करून कपाट म्हणून ठेवली. आरसे तीन आले. गणपती पाच आले. कॅलेंडरं इतकी आली की एका भिंतीवर पुढचा महिनाही लागला. एकानं तर आपल्याच लग्नाचा फोटो आणून खिळ्याला टांगला. भिंत रिकामी दिसत होती, एवढंच त्याचं म्हणणं.

भांड्यांचा तर पूर आला. हंडे, कळश्या, पराती, डबे, ताटं, वाट्या. प्रत्येकीला वाटत होतं की साहेबाच्या घरात आपलं भांडं दिसलं पाहिजे, आणि तेही माळ्यावर ठेवलेलं, लग्नातलं, चांगलं. बायनाबाई सगळ्यात शेवटी आली. तिनं पदरानं पुसत पुसत एक तांब्या आणला आणि पाण्यानं भरून मधोमध ठेवला.

योगीराज दारात उभा राहून हे पाहत होता आणि हसावं की रडावं हे त्याला कळत नव्हतं. घर सुरेख दिसत होतं. अर्ध्या गावानं आपली चूल थंड करून त्याची पेटवली होती. त्याला भरून आलं, आणि नोकरी वाचणार या आनंदानं तर पाय जमिनीवर ठरेनात.

अर्पिता मॅडम आल्या त्या सरळ खोलीत आल्या. गोविंदराव नमस्कार करत मागे, लिंबाजी त्यांच्या मागे, आणि बाकीचं गाव खिडकीत.

“छान आहे घर,” मॅडम इकडेतिकडे बघत म्हणाल्या. “आरशांची आवड दिसते तुम्हाला.”

“जी, मॅडम. लहानपणापासून.”

“आणि हे?” त्यांनी लग्नाच्या फोटोकडे बोट केलं.

“हे… हे एक सुखी जोडपं आहे,” योगीराज म्हणाला. “बघितलं की बरं वाटतं.”

खिडकीत ते जोडपं लाजलं.

मॅडम बाजेवर टेकल्या. “मिसेस माहेरी गेल्यात म्हणे. मग चहा तुमच्याच हातचा.”

योगीराज शेगडीपुढे बसला. समोर एकसारखे दिसणारे अकरा डबे होते आणि साखर त्यांच्यातल्या कुठल्यातरी एकात होती. त्यानं पहिला डबा उघडला. हळद. दुसरा उघडला, शेंगदाणे. तिसऱ्याला हात लावला तर खिडकीतून सविता खोकली. चौथ्याला लावला तर जास्तच खोकली. सहाव्यावर ती गप्प झाली, म्हणून त्यानं तो उघडला, तर खरंच साखर. चहापत्तीसाठी सविताला पुन्हा तेवढंच खोकावं लागलं.

“गावात साथ आहे का खोकल्याची?” मॅडमनी विचारलं.

“हवा बदलायलीय,” गोविंदराव खालमानेनं म्हणाले.

चहा उकळला. मॅडमनी आधी पाणी मागितलं. योगीराजनं स्टीलचा पेला भरून दिला. त्या पाणी प्यायल्या आणि पेला खाली ठेवता ठेवता त्यांची नजर पेल्यावर थांबली. त्यांनी तो उजेडात धरला.

आपल्याकडे लग्नात भांडं द्यायचं तर दुकानातच त्यावर नाव कोरून घेतात. देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं, कधी गावाचं आणि तारखेचंसुद्धा. पंगतीत शंभर घरची भांडी एक होतात आणि त्या नावांवरूनच ती पुन्हा आपापल्या घरी जातात. जन्मभर डोळ्यांसमोर असल्यामुळे ती नावं उंबरटाकळीत कुणाला दिसायचीच बंद झाली होती. सकाळपासून शंभर हातांनी ती भांडी पुसली, मांडली, आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही.

“चांगुणाबाईकडून सप्रेम भेट,” मॅडमनी वाचलं. “चांगुणाबाई कोण?”

गोविंदरावांनी डोळे मिटून घेतले.

“माझी सासू,” खिडकीतून सविता बोलून गेली, आणि मग आता बोललोच आहोत तर थांबायचं कशाला, म्हणून दारातून आत आली. “तेनी दिला साहेबाला पेला. लय उपकार हायेत साहेबाचे. उन्हाळ्यात टाकीत आळ्या झालत्या न्हवं का, घरोघर जुलाब. आमच्या सासूबाईचं तर काही खरं नव्हतं. साहेब तवा भर उन्हात टाकीवर चढले. स्वतः. पँट वर करून. समदी टाकी घासून घेतली, तवा कुठं म्हातारी उठून बसली.”

मॅडमनी योगीराजकडे पाहिलं. योगीराजनं नम्रपणे खाली पाहिलं. टाकीत आळ्या झाल्याचं त्याला खरं म्हणजे आत्ताच कळत होतं.

“आणि ही परात?”

“ती आमची,” लिंबाजी छाती पुढे काढून म्हणाला. “पोळ्याच्या दिवशी डीपी जळाला. आठ दिस अंधार. पिठाची गिरणी बंद, पाण्याची मोटार बंद. साहेब उठले अन् ताडकळसला जाऊन बसले लाईनमनच्या दारात. म्हनले, माझं गाव अंधारात हाय, मी हलणार न्हाई. संध्याकाळी नवा डीपी घिऊनच आले. मंग गावानं पुरणपोळी केली. परात ऱ्हायली ती ऱ्हायलीच.”

आता मात्र दारात दाटी झाली. प्रत्येकाला आपलं भांडं सांगायचं होतं. या हंड्याच्या मालकिणीच्या पोरीचं शाळेतलं नाव साहेबानं हेलपाटे घालून दुरुस्त करून दिलं होतं. त्या डब्याच्या मालकाचं वाळूच्या गाडीवाल्यांशी भांडण झालं, तेव्हा साहेब मधे पडले होते. पूर आला तेव्हा साहेब पुलावर उभे होते. शाळेचं छप्पर गळालं तेव्हा साहेब छपरावर होते. असे हे साहेब गावभर पसरले होते, आणि सांगणाऱ्यांचे डोळे असे चमकत होते की ऐकणाऱ्याला शंका घेण्याची लाज वाटावी.

आणि योगीराज? सुरुवातीला तो घाबरून ऐकत होता. मग तो आवडीनं ऐकायला लागला. त्या उंबरटाकळीत राहणाऱ्या माणसाचा त्याला अभिमान वाटायला लागला. डीपीची गोष्ट झाली तेव्हा तो स्वतःच मधे म्हणाला, “लाईनमनचं कुत्रं फार वाईट होतं, मॅडम. माझी चप्पल नेली.” लोक खळखळून हसले. पुराच्या वेळी त्यानं आपली छत्री एका गरोदर बाईला दिली होती, हेही त्यानंच सांगितलं. गावाला ते इतकं पटलं की दोन बाया आपणच ती म्हणून पुढे झाल्या. सात वर्षांत त्याला या गावात इतकं मोकळं, इतकं आपल्या माणसांत असल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. नोकरी तर वाचलीच होती, आता एखादा पुरस्कारही मिळेल असा रंग दिसत होता.

मॅडम ऐकत होत्या. लिहीत मात्र काही नव्हत्या. त्यांनी मधोमध ठेवलेला तांब्या उचलला.

“किशनराव,” त्यांनी वाचलं. “हे कोण?”

दारातला गलका एकदम थांबला. सविता पदर नीट करायला लागली. कोपऱ्यात बसलेली बायनाबाई म्हणाली, “माझे मालक.”

“त्यांनी दिला का तांब्या साहेबांना?”

“दिला की,” बायनाबाई म्हणाली. ती मॅडमकडे बघत नव्हती, तांब्याकडे बघत होती. “मागच्या पावसाळ्यातली गोष्ट हाय बाई. मालकाच्या छातीत कळ आली. बाहेर ह्यो पाऊस. गावात येक जीप, ती गेलेली पालमला. ट्रॅक्टर चिखलात. मला काही सुधरंना. म्या म्हनलं, आपल्या घरात तर साहेब ऱ्हातात. त्येंच्याकडं गाडी हाय.”

योगीराजच्या चेहऱ्यावर अजून मघाचं हसू होतं. ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना.

“मंग म्या फोन लावला. न्हाई न्हाई, फोन कशाला, हितंच तर ऱ्हातात. भिंतीवर थाप मारली. साहेब तसेच उठले. बनेलवर. गाडी दाराला लावली, मालकाला दोन हातांनी उचललं. माझ्या मालकाला. मागच्या शिटावर निजवलं, डोकं माझ्या मांडीवर. साहेब म्हनले, मावशी, घाबरू नका. रस्त्यानं पाणीच पाणी, पर साहेबांनी गाडी अशी काढली की मालकाला येक धक्का लागू दिला न्हाई. ताडकळस आलं. दवाखान्याचं दार बंद. साहेबांनी ते वाजवलं वाजवलं वाजवलं…”

योगीराजला सगळं आठवलं. त्या सकाळी उठल्यावर मोबाइलवर बायनाबाईचे फोन दिसले होते, एकाखाली एक. फोन आवाज बंद करून उशाशी होता. म्हातारीची शेळी मेली असेल, पंचनामा मागत असेल, असं म्हणून तो आंघोळीला गेला होता. आंघोळ झाल्यावर परत लावू म्हणाला होता आणि विसरला होता. चार दिवसांनी दाखला मात्र त्यानं घरपोच दिला होता.

“…डाक्टर उठला,” बायनाबाई सांगत होती. तिच्या तोंडावर तजेला आला होता. “त्येनं सुई दिली. जरा वेळानं मालकानं डोळे उघडले. मला म्हनले, बायना, पाणी दे.”

अर्पिता मॅडमनी पर्समधून पेन काढलं. “असा एखादा तरी माणूस तालुक्यात आहे म्हणायचा,” त्या म्हणाल्या. “मी लिहून घेते. योगीराज, तुम्ही मुख्यालयी राहता.”

एक शब्द बोलायचा नव्हता. नुसतं उभं राहायचं होतं. हप्ते, शाळा, भक्ती, सगळं त्या नुसत्या उभं राहण्यावर होतं आणि ते त्याला चांगलं माहीत होतं.

“मी इथं राहत नाही, मॅडम,” तो म्हणाला. “किशनराव वारले. मावशींनी मला फोन केले होते. मी परभणीला झोपलो होतो.”

गोविंदराव मटकन खाली बसले. खिडकीत कुणीतरी चुकचुकलं.

मॅडमनी पेन बंद केलं नाही. “पहिल्या पेल्यालाच कळलं होतं मला,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “थांबवायला हवं होतं. पण मलाच ऐकावंसं वाटत होतं.” मग त्या उठल्या आणि त्यांचा आवाज कामाचा झाला. निलंबनाचा प्रस्ताव आजच जाईल. भत्ता वसूल होईल. खोट्या ठरावाबद्दल सरपंचांनाही नोटीस निघेल, त्यांनी उत्तर तयार ठेवावं. बायनाबाईपुढे जरा थांबून त्यांनी हात जोडले आणि त्या गेल्या. चहा तसाच राहिला होता.

गाव मात्र साहेबावर भडकलं. एवढं चांगलं चाललेलं, लिंबाजी म्हणाला, आन् तुमीच माती केली. सविता म्हणाली की खोकून खोकून तिचा घसा बसला तो फुकटच. गोविंदराव तर कुणाशी बोलेचनात. बडबड करत लोकांनी आपापली भांडी ओळखली, बाजा उचलल्या, आरसे काखेत मारले. ते सुखी जोडपं फोटो घेऊन गेलं. जाता जाता एकानं योगीराजच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. खोली मोकळी झाली.

बायनाबाई कोपऱ्यात तशीच बसून होती. योगीराज तिच्यासमोर जमिनीवर बसला. माफी मागायची होती, पण तो शब्द इतका लहान वाटला की त्याला तो तोंडातून काढता येईना. शेवटी त्यानं दुसरंच विचारलं.

“मावशी, तुम्ही माझ्यासाठी कशाला एवढं खोटं बोललात?”

“तुमच्यासाठी कुठं बोलले,” बायनाबाई म्हणाली. “सांगता सांगता मलाच खरं वाटाया लागलं व्हतं. तुमी मधीच बोलले, साहेब. जरा थांबले असते तर म्या त्येंला घरी आणलं असतं.”